मिरवणुकीच्या गाडीतला फ्यूज आणि आमची एक चूक



या सदरात आम्ही एरवी घरखर्चाचा हिशेब, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, बचत गटाच्या वह्या अशा विषयांवर लिहीत असतो. आज मात्र वायर आणि फ्यूज यांच्याविषयी लिहायला बसलो आहोत. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. विजेचे शिक्षण आमच्याकडे नाही. तरीही हा विषय घेण्याचे कारण म्हणजे मागच्या जयंतीला आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक वायरची नव्हती, हिशेबाची होती. ती सांगून टाकली तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या खजिनदाराच्या हातून तरी होणार नाही, एवढीच इच्छा.

आपल्या वाशिम जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे जयंती, बुद्धपौर्णिमा आणि लग्नसराई. रिसोड असो, मालेगाव असो की मानोरा, गावोगावी कुणीतरी तरुण जुनी पिकअप किंवा छोटा हत्ती घेतो, हौद्यात स्पीकर बसवतो आणि भाड्याने चालवतो. चार महिने साऊंड, बाकीचे महिने सोयाबीन आणि तुरीची पोती. अशा गाडीवर एक अख्खे घर चालते. आमच्या वस्तीतही असा एक मुलगा आहे. गाडीसाठी त्याच्या आईने स्वतःच्या नावावर बचत गटाचे कर्ज काढले होते. जयंती मंडळाने त्यालाच काम द्यायचे ठरवले आणि नवीन अॅम्प्लिफायर बसवण्याचा खर्च भाड्यातून वळता करून मंडळाने आगाऊ द्यायचा, असे ठरले. खजिनदार अर्थातच आम्ही.

मुलाने अंदाजपत्रक लिहून आणले. त्यात अॅम्प्लिफायर, स्पीकर, सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीजवळ बसवायचा साठ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचे होल्डर असे सगळे व्यवस्थित होते. आम्ही लाल पेन काढला. इतकी जाड वायर कशाला, विहाराच्या वायरिंगमधून उरलेले चार मिलिमीटरचे बंडल पडलेले आहे, ते वापर, असे म्हणून दोन ओळी खोडल्या. मंडळाचे पैसे वाचवले म्हणून आम्हाला त्या दिवशी बरेच समाधान वाटले.

मुलगा समजदार. वायर बारीक मिळाली म्हणून त्याने फ्यूजही लहान, तीस अँपिअरचा बसवला. तेरा एप्रिलच्या संध्याकाळी आवाज तपासताना तो फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. त्याने आम्हाला फोन केला. "काका, फ्यूज घडीघडी उडून रायला. वायर बारीक पडते. काय करू?" आम्ही तेव्हा भोजनदानाच्या तांदळाचा हिशेब करत होतो. आम्ही म्हणालो, "काहीबी कर बापू, पण उद्या मिरवणूक थांबली नाही पाहिजे."

त्याने मग, त्याच्या शेजारी उभ्या चार जणांनी सुचवले तेच केले. फ्यूजच्या जागी खिळा बसवला. रात्रभर काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन बेचाळीस अंशांच्या घरात, गाडीच्या हौद्यात महिला मंडळाच्या चार-पाच बाया आणि लहान मुले बसलेली, आणि केबिनमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. पायाखालच्या मॅटमधून धूर निघू लागला. बायांनी मुलांना पटापट खाली दिले. मुलाने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उघड्या हाताने ओढून काढली. तळहाताची कातडी वायरला चिकटून आली. जीव कुणाचा गेला नाही. पण सीट, मॅट आणि गाडीचे अर्धे वायरिंग जळाले, आणि तीन आठवडे गाडी उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहत नाहीत, हे बचत गटाच्या कुठल्याही बाईला विचारा.

गाडी ज्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला टाकली त्याच्याकडे आम्ही स्वतः जाऊन बसलो. वाशिमला तीसेक वर्षे गाड्यांचे वायरिंग करणारा जुना माणूस. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, फ्यूज कोनासाठी असते, सांगा बरं?" आम्ही म्हणालो, अॅम्प्लिफायर जळू नये म्हणून. तो हसला. म्हणाला, "अॅम्प्लिफायरचा फ्यूज त्याच्या पाठीलेच असते. बॅटरीपाशी बसवता तो वायरसाठी. वायर पेटली तर गाडी पेटते, अन् गाडीत मानसं असतात."

ही एक गोष्ट समजली की बाकीचे सगळे आपोआप समजत जाते, म्हणून आम्ही ती पुन्हा लिहितो. बॅटरीजवळचा फ्यूज हा वायरचा राखणदार आहे. वायर जेवढे सोसू शकते त्याच्या आतच फ्यूज तुटला पाहिजे. शेतातल्या डीपीवर फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली की काय होते, हे आपल्या शेतकरी वाचकांना सांगायला नको. लाईन जात नाही, मोटर जळते. गाडीतला प्रकार तोच, फक्त इथे मोटरच्या जागी माणसे बसलेली असतात.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तिला हात लावला तरी शॉक बसत नाही, मग धोका कसला? धोका शॉकचा नाही, उष्णतेचा आहे. घरातल्या बटणामागून एरवी पाच-दहा अँपिअर जातात. गाडीच्या बॅटरीची दोन टोके एकमेकांना सरळ जोडली गेली तर ती क्षणात शेकडो अँपिअर देते. एवढ्या करंटने वायर काही सेकंदांत लाल होते. आणि करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आमच्या बाबतीत तीस अँपिअर सोसणाऱ्या वायरमधून साठच्या आसपास करंट जात होता. घरगुती वायरवरचे साधे प्लास्टिक सत्तर अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. एप्रिलचे ऊन, इंजिनची धग आणि वायरची स्वतःची उष्णता, तिन्हींनी मिळून ते मऊ केले. जिथे वायर पत्र्याच्या छिद्रातून केबिनमध्ये येते तिथे पत्र्याच्या धारेने मऊ प्लास्टिक कापले आणि तांबे गाडीच्या बॉडीला टेकले. तिथे फ्यूज असता तर त्याच क्षणी तुटला असता. तिथे खिळा होता. खिळा तुटत नाही.

आता फ्यूज निवडायचा कसा, ते सांगतो. आम्ही हे हिशेबाच्या भाषेत समजून घेतले आणि तसेच इथे मांडतो. प्रत्येक फ्यूजला एक खालची मर्यादा असते आणि एक वरची.

खालची मर्यादा म्हणजे अॅम्प्लिफायरची गरज. खोक्यावर छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नका. आमच्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ५००० वॅट लिहिले होते. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, एवढे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही येते. ५००० भागिले १२ म्हणजे चारशेच्या वर अँपिअर झाले. इतका करंट पिकअपचा अल्टरनेटर कधीच देऊ शकत नाही. म्हणजे खोक्यावरचा आकडा जाहिरातीचा आहे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून असेच फुगवलेले आकडे छापत असत, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. खरा आकडा आरएमएसचा. तोही सापडला नाही तर अॅम्प्लिफायर उलटा करून त्याच्या पाठीला लावलेले फ्यूज मोजा. आमच्याकडे तीस-तीसचे दोन होते. म्हणजे त्याची जास्तीत जास्त भूक साठ अँपिअर. साठ गुणिले बारा म्हणजे ७२० वॅट तो बॅटरीकडून घेणार. त्यातलेही सगळे आवाजात जात नाहीत. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एबी वर्गाच्या अॅम्प्लिफायरमध्ये जवळजवळ अर्धे उष्णतेत जातात. नवीन डी वर्गाचे अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ऐंशी टक्के आवाजाला देतात. म्हणून तेवढ्याच आवाजाला डी वर्गाला करंट कमी लागतो, वायर कमी जाडीची चालते आणि बॅटरीही टिकते. नवीन घेणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

वरची मर्यादा म्हणजे वायरची ताकद. चांगल्या, शुद्ध तांब्याच्या वायरसाठी मिस्त्रीने आम्हाला जे आकडे सांगितले ते हात राखून सांगितलेले आहेत. ते कापून घरात चिकटवून ठेवायला हरकत नाही. दीड चौरस मिलिमीटरला दहा अँपिअरचा फ्यूज, अडीचला वीस, चारला तीस, सहाला चाळीस, दहाला साठ, सोळाला ऐंशी आणि पंचवीसला शंभर. यापेक्षा मोठा फ्यूज त्या वायरवर लावू नये. अंतर लांब असेल, म्हणजे बॉनेटपासून मागच्या हौद्यापर्यंत वायर न्यायची असेल, तर वायर एक पायरी जाड घ्यावी, म्हणजे मागे पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडत नाही. आमच्या मुलाने साठ अँपिअरसाठी दहाऐवजी सोळाची वायर मागितली होती ती याचसाठी. तो बरोबर होता.

आता नियम एका वाक्यात. बॅटरीजवळचा फ्यूज अॅम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा लहान नको आणि वायरच्या ताकदीपेक्षा मोठा नको. आणि गरज मोठी, ताकद लहान असे निघाले तर वायर बदलायची, फ्यूज नाही. आमच्या हिशेबात गरज साठ आणि ताकद तीस होती. अशी शिल्लक कुठल्याच वहीत जुळत नाही. आम्ही ती खिळ्याने जुळवली.

वायर घेताना फसवणूक होते, तीही सांगून ठेवतो. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी वायर स्वस्तात मिळते. अॅल्युमिनियम तांब्याच्या तुलनेत साधारण तीन-पंचमांश इतकीच वीज वाहून नेते. अशी वायर हातात हलकी लागते. तिची एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर मुलामा, लाल निघाली तर तांबे. मुलाम्याचीच वायर घ्यावी लागली तर एक पायरी जाड घ्या, किंवा फ्यूज एक पायरी लहान लावा. दुसरे म्हणजे, काही वायरींचे प्लास्टिक जाड आणि आतले तांबे बारीक असते. वायर बोटांनी चाचपून घेऊ नका. टोक कापून आत पाहून घ्या.

फ्यूज कुठे बसवायचा, याचे उत्तर बॅटरीच्या अगदी जवळ. शक्यतो एका वितीच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत दीड फुटाच्या पलीकडे नाही. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर उघडी असते, तिला राखणदार नसतो. काही जण हात पोहोचावा म्हणून फ्यूज मागे, अॅम्प्लिफायरजवळ बसवतात. म्हणजे चोर पुढच्या दाराने येणार आणि कुलूप मागच्या दाराला. वायर पत्र्यातून जाते त्या छिद्रात रबरी ग्रोमेट घालावे. आमच्या गाडीत ते नव्हते. ती दहा रुपयांची वस्तू आहे. वायर सायलेन्सरपासून आणि दाराच्या बिजागरीपासून दूर न्यावी. टोकांना नीट दाबलेला लग, म्हणजे ज्याला आपले मिस्त्री थिंबल म्हणतात तो, लावावा. नुसती वायर पिळून काळी टेप गुंडाळली तर गाडीच्या हादऱ्याने सांधा ढिला होतो आणि ढिला सांधा तापतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे वजा टोक आधी सोडावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे.

फ्यूजचे प्रकारही पाहून घ्या. गाड्यांमध्ये दिसतो तो दोन पात्यांचा रंगीत फ्यूज. त्याचे रंग ठरलेले आहेत. दहाला लाल, पंधराला निळा, वीसला पिवळा, पंचवीसला पांढरा किंवा पारदर्शक, तीसला हिरवा, चाळीसला नारिंगी. साध्या टेपला किंवा लहान अॅम्प्लिफायरला तो पुरतो. त्याच्या वर साठ, ऐंशी, शंभर अँपिअरसाठी नटबोल्टने आवळायचा पट्टीसारखा फ्यूज येतो, त्याला दुकानदार एएनएल म्हणतात. मोठ्या कामाला तोच घ्यावा. काचेच्या नळीचा जाड फ्यूजही मिळतो, पण होल्डरमध्ये तो सैल झाला की तापतो, म्हणून हादरे खाणाऱ्या पिकअपमध्ये तो टाळलेला बरा. घरचा एमसीबी गाडीत बसवू नये आणि गाडीचा फ्यूज घरच्या लाईनवर लावू नये. दोघांची कामे वेगळी आहेत.

अॅम्प्लिफायर दोन असतील तर एक जाड वायर मागे नेऊन तिथून दोन बारीक वायर काढतात. लक्षात ठेवा, वायर जिथे बारीक होते तिथे नवीन फ्यूज लागतो, कारण पुढचा मोठा फ्यूज बारीक वायरला वाचवू शकत नाही. मागे दुसरी बॅटरी ठेवली असेल तर दोन बॅटऱ्यांमधल्या वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण आग कुठल्याही बाजूने येऊ शकते. आणि काही मंडळे बॅटरीवर इन्व्हर्टर लावून घरगुती साऊंड चालवतात. हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून नव्वद-शंभर अँपिअर ओढतो. तिथे पंचवीसच्या खालची वायर चालत नाही.

एवढे करूनही फ्यूज उडाला तर? आधी एक लक्षात घ्या. चांगला फ्यूज उगीच उडत नाही. बेसच्या क्षणभराच्या झटक्याला तो सहसा दाद देत नाही, पण दुप्पट करंट गेला की काही सेकंदांत तुटतो. म्हणून उडालेला फ्यूज ही तक्रार आहे. तिची चौकशी करा. वायर कुठे सोलली आहे का, स्पीकर ठरवल्यापेक्षा जास्त जोडले आहेत का, अर्थिंगचा बोल्ट गंजला आहे का, होल्डर सैल आहे का. कारण सापडल्यावर त्याच आकड्याचा नवीन फ्यूज टाका. त्याच आकड्याचे दोन-तीन जादा फ्यूज गाडीत ठेवावेत, म्हणजे खिळा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणि तारेचे तुकडे शोधायची वेळ येत नाही. पहिला अर्धा तास गाणी वाजवून, बंद करून, वायर आणि होल्डरला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर काम चुकले आहे.

धूर दिसला तर आधी माणसे उतरवा. मग इंजिन बंद करा. हात पोहोचत असेल आणि ज्वाळा नसतील तरच कापडाने धरून बॅटरी सोडा. वायर पेटलेली असताना पाणी ओतू नका. एबीसी पावडरचे लहान अग्निशामक नळकांडे केबिनमध्ये असावे आणि ते कसे उघडायचे हे चालकाला माहीत असावे. नवीन वायरिंगचे बिल जपून ठेवा आणि गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवा. दाव्याच्या वेळी हे कागद विचारले जातात.

आता आमच्या हिशेबाचे. मंडळाच्या वहीत आम्ही त्या वर्षी वायर आणि फ्यूजच्या ओळी खोडून काही हजार रुपये वाचवले होते. त्याच वहीत पुढच्या पानावर गाडीची दुरुस्ती, दवाखाना आणि तीन आठवड्यांच्या बुडालेल्या भाड्याची भरपाई अशा नोंदी आहेत. मंडळाने ती रक्कम दिली, काही आम्ही आमच्या पगारातून दिली. मुलाच्या आईने पैसे घेतले, पण आम्हाला एवढेच म्हणाली, "भाऊ, पैशाचं जाऊ द्या. गाडीत माही नात होती." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

यंदा जयंतीच्या आधी मुलगा पुन्हा अंदाजपत्रक घेऊन आला. आम्ही लाल पेन बाजूला ठेवला, त्याच्याकडून एकेक ओळ समजावून घेतली आणि खाली सही केली. त्याच्या तळहातावरची खूण कागद देताना दिसली. वायर सोळाची, फ्यूज साठचा, बॅटरीपासून अंतर एक वीत. मिरवणूक रात्री वेळेत संपली आणि गाडी आपल्या चाकांवर घरी गेली.

खजिनदार मंडळींना आमची एवढीच विनंती आहे. मंडपाच्या झालरी कमी करा, हार कमी करा, स्पीकरही दोन कमी लावा. पण वायर आणि फ्यूजच्या ओळीवर पेन चालवण्याआधी त्या मुलाला विचारा, ही कशासाठी? त्याला माहीत असते. आपणच ऐकत नाही.